आधीं मोल, मग चव

वाङ्मयचर्चेला वाहिलेल्या मासिकांत एखाद्या भोजनाचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. नाटकाचें परीक्षण करावें, कादंबरीचें करावें, फार तर चित्रप्रदर्शनाचें करावें. पण पानावरचा पदार्थ घशाखालीं उतरला कीं त्याची कथा संपली, तिच्यावर पुन्हां लिहावयाचें तें काय? या आक्षेपाचें उत्तर मला आपल्या साहित्यशास्त्राच्या आद्य ग्रंथांतच सांपडतें. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें समजावून देण्याची वेळ आली, तेव्हां भरतमुनींनीं दृष्टान्त घेतला तो स्वयंपाकघरांतला. नाना प्रकारचे मसाले, वनस्पति व इतर द्रव्यें यांच्या संयोगानें अन्नांत जशी रुचि उत्पन्न होते, आणि प्रसन्न मनाचे लोक ती आस्वादून जसे हर्ष पावतात, तसेंच नाट्यांतील भावांचें व प्रेक्षकांचें आहे, असें त्यांचें प्रतिपादन आहे. आस्वाद, रुचि, चर्वणा, रसिक हे टीकेच्या भाषेंतले मोलाचे शब्द जर आपण आचाऱ्याच्या दारचे उसने आणले आहेत, तर एखादे वेळीं टीकेचे निकष पाकशाळेंत नेऊन त्या ऋणाची परतफेड करण्यास हरकत कोणती?

निमित्त झालें तें गेल्या हिवाळ्यांत पुण्यांतील एका उपाहारगृहानें योजलेल्या समारंभाचें. अशा समारंभाला हल्लीं 'टेस्टिंग मेनू' म्हणतात. उपाहारगृहाचें नांव देण्याचें कारण नाहीं. मला जें म्हणावयाचें आहे तें त्या एका घराविषयीं नसून मोठ्या शहरांतून रूढ होऊं लागलेल्या एका पद्धतीविषयीं आहे. पद्धति अशी : दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, खुर्च्या मोजून तीस, आणि पदार्थ नऊ. ते कोणते असावेत हें सर्वस्वीं शेफच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या, मर्जीवर. माणशीं ३,५०० रुपये आठवडाभर आधीं मोबाईलवरून भरावयाचे. भरलेले पैसे कोणत्याही कारणानें परत मिळावयाचे नाहींत. शाकाहारी कीं मांसाहारी, एवढी एकच निवड खाणाऱ्याच्या हातीं. विषय होता महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतलें अन्न. विषय उत्तम होता. कोंकणापासून विदर्भापर्यंतचा मुलूख एका बैठकींत चाखावयास मिळणार, या अपेक्षेनें मी व माझी पत्नी तेथें गेलों.

जें मिळालें त्याची यादी प्रथम देतों, म्हणजे पुढील टीका हवेंत राहणार नाहीं. कांचेच्या पेल्याच्या तळाशीं चमचाभर गार हुरडा, सोलकढीचा गोठवलेला सुपारीएवढा गोळा, रुपयाएवढ्या भाकरीच्या तुकड्यावर पिठल्याचा फेस, पाटवडी व तिच्यावर किटलींतून ओतलेला रस्सा, वांग्याची एक चकती व तिच्या भोंवतीं गोड्या मसाल्याची भुकटी, वालाचें बिरडें, मुदीच्या आकाराचा घांसभर मसालेभात, पुरणपोळीची बोटाएवढी गुंडाळी, आणि शेवटीं विडा. आठ वाजतां बसलेलों आम्ही पावणेअकरा वाजतां उठलों. यांतला रस्सा उत्कृष्ट होता. त्यांत तिखटाचा नुसता जाळ नव्हता. खोबरें व कांदा पुरते भाजल्याखेरीज न येणारा सखोल स्वाद होता. बिरडेंही तितकेंच प्रामाणिक होतें. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलण्याचे कष्ट ज्यानें घेतले त्या हाताला मी नमस्कार करतों. दाणे मात्र बारा होते, मीं मोजले.

परंतु अल्पता हा माझा आक्षेप नव्हे, हें आधींच स्पष्ट करणें बरें. 'एवढ्या पैशांत एवढेंसेंच?' ही तक्रार बाजारांतली आहे, टीकेंतली नव्हे. आपल्या काव्यपरंपरेंत एका श्लोकाच्या मुक्तकाला मानाचें स्थान आहे. अमरु कवीचीं मुक्तकें प्रबंधासारखीं रसपूर्ण आहेत असा निर्वाळा आनंदवर्धनांसारख्या मर्मज्ञानें दिलेला आहे. तेव्हां एका घांसांत सबंध अनुभव उभा राहूं शकत नाहीं असें कोणी म्हणूं नये. त्या रात्रीं पाटवडीच्या रश्श्यानें तो उभा केलाही. प्रश्न इतकाच कीं, उरलेल्या बहुतेक घांसांना हें कां साधलें नाहीं?

पहिलें कारण शब्दांचें. प्रत्येक पदार्थाबरोबर एक मेनूकार्ड येई, व तें पुरेसें नाहीं म्हणून कीं काय, एक तरुण वाढपी उभ्यानें निरूपण करी. पिठलें येण्यापूर्वीं आम्हांला कळलें कीं ही 'आजीच्या चुलीची आठवण' आहे. सोलकढीच्या आधीं कळलें कीं हा 'पहिल्या पावसांतला कातळ' आहे. आणि हुरड्याला 'शिवारांतलें बालपण' असें नांव होतें. मम्मटानें काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासांत रसदोषांची गणना करतांना आरंभींच जो दोष सांगितला तो हाच : रस, स्थायिभाव किंवा व्यभिचारिभाव यांचा त्यांच्याच नांवानें उच्चार करणें. शृंगार प्रतीत व्हावयाचा असेल तर कवीनें 'हा शृंगार' असें सांगून भागत नाहीं. करुण उत्पन्न व्हावयाचा असेल तर 'येथें करुण' अशी पाटी लावून श्रोत्यांचे डोळे ओले होत नाहींत. आठवण ही वाचकाच्या वा खाणाऱ्याच्या मनांत आपोआप जागी व्हावयाची गोष्ट आहे. तिचें नांव आधींच उच्चारलें कीं ती जागी होण्याऐवजीं बुजते.

हुरड्याचें उदाहरण घ्या. हुरड्याची सारी चव त्याच्या तत्काळपणांत आहे. शेतांत आगटी पेटवावी, ज्वारीचें कोंवळें कणीस गोवऱ्यांच्या आरांत भाजावें, हात पोळत असतां तें तळव्यावर चोळावें, आणि फुंकून तोंडांत टाकावें. सोबतीला लसणीची चटणी व गुळाचा खडा. यांतील एक क्षण इकडचा तिकडे झाला कीं दाणा निबर होतो. तो गार करून पेल्यांत भरावयाचा आणि वर 'बालपण' अशी चिठ्ठी लावावयाची, म्हणजे पदार्थाचें काम शब्दाकडे सोपवून मोकळें होणें होय.

आपल्याकडच्या पाकग्रंथांची भाषा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र १८७५ सालचें, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणीमित्र १९१० चें, आणि कमलाबाई ओगल्यांची रुचिरा १९७० ची. पाकग्रंथाचें गद्य म्हणजे विध्यर्थाचें गद्य : घ्यावें, भाजावें, परतावें, झांकण ठेवावें. त्याला विशेषणांचा सोस परवडत नाहीं. कमलाबाईंनीं तर मापें सुद्धां वाटी-चमच्याचीं दिलीं, म्हणजे कोणत्याही घरांत हातीं लागतील अशीं. तें गद्य रुचीचें वर्णन करीत नाहीं, रुचि कशी निर्माण होईल तें सांगतें. म्हणूनच तें वाचतांना तोंडाला पाणी सुटतें. मेनूकार्डाचें गद्य याच्या अगदीं उलट आहे. तें कृतीविषयीं मौन पाळतें व परिणामाची ग्वाही देतें. वाङ्मयांतही हा भेद आपण ओळखतों. पहिल्याला शैली म्हणतों, दुसऱ्याला जाहिरात.

दुसरें कारण क्रमाचें. आपलें ताट ही एककालीन रचना आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मध्यें वरणभाताची मूद व तिच्यावर तूप. सारें एकाच वेळीं समोर असतें, आणि कोणत्या घांसाला कशाची जोड द्यावयाची हें जेवणारा ठरवितो. म्हणजे ताट वाढणारा जितका कर्ता, तितकाच जेवणाराही. युरोपांतही एके काळीं अनेक पदार्थ एकदम मेजावर मांडण्याची चाल होती. एकामागून एक पदार्थ आणण्याची रशियन म्हणून ओळखली जाणारी तऱ्हा फ्रान्समध्यें एकोणिसाव्या शतकांत रुजली. या दुसऱ्या तऱ्हेला मी कमी लेखीत नाहीं. परंतु तिच्यांत खाणाऱ्याचें कर्तृत्व आचाऱ्याकडे जातें, तो एकटाच नाटककार होतो. आणि मग नाटककाराचीं कर्तव्येंही त्याच्याच माथीं येतात. पहिल्या प्रवेशानें दुसऱ्याची उत्कंठा वाढवावी, मध्यें कोठें तरी तिखटाचा कळस व्हावा, त्यानंतर निवृत्ति यावी, ही अपेक्षा रास्त ठरते. आमच्या समोर नऊ प्रवेश झाले, पण नाटक झालें नाहीं. जेवणाच्या अखेरीस पोटाला निववणारी सोलकढी दुसऱ्याच क्रमांकाला, तीही गोठवून, कां यावी? उत्कृष्ट रश्श्याच्या पाठोपाठ त्याच वळणाचें, पण फिकें, वांगें कां यावें? दर दोन पदार्थांमध्यें पावपाऊण घटका जाई. तेवढ्यांत भूक वाढतही नसे आणि शमतही नसे. प्रत्येक पदार्थ जणूं नव्यानेंच ओळख करून देई, आणि ओळख होते न होते तोंच निरोप घेई.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. रश्श्याची वाटी रिकामी झाली तेव्हां माझ्या पत्नीनें त्या तरुणाला सहज विचारलें, "थोडा रस्सा आणखी मिळेल का?" तो बिचारा ओशाळला. "मॅडम, पोर्शन मोजून असतात," तो म्हणाला. त्याचा दोष कांहींच नव्हता. तीस खुर्च्या, तीस वाट्या, एकतिसावी नाहीं. पुढें गार हुरड्याप्रमाणेंच वांगेंही मला संपवेना, तेव्हां 'हें पुरे, पुढचें आणा' असें म्हणण्याचीही सोय नव्हती; कारण साऱ्या मेजांवरचा पदार्थ एकदमच बदलावयाचा.

मराठींत अन्न 'वाढतात'. पानावर घालणें याला आणि वृद्धि पावणें याला आपल्या भाषेनें एकच क्रियापद वापरलें आहे. वाढणारा आग्रह करतो, जेवणारा पानावर आडवा हात धरतो, आणि या लटक्या झटापटींतून दोघांचा एक संवाद चालतो. त्या संवादांत जेवणाऱ्याजवळ दोनच शब्द असतात : 'आणखी' आणि 'पुरे'. माझ्या मतें सर्व टीकेचें मूळ या दोन शब्दांत आहे. मोठमोठे टीकाग्रंथ लिहून आपणही शेवटीं याच्यापलीकडे फारसें सांगत नाहीं. त्या संध्याकाळच्या योजनेंत हे दोन्ही शब्द आधींच काढून घेतले होते. तेथें अन्न वाढलें जात नव्हतें, नुसतें ठेवलें जात होतें. समारंभाचें नांव चाखण्याचें, आणि चाखून मत देण्याचा अधिकार तेवढा वगळलेला!

मंडईंत द्राक्षें घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता आधीं एक मणी हातावर देतो. आंबेवाला फोड कापून देतो, चिवड्याच्या दुकानांत चिमूट मिळते. चाखणें हें मोलाच्या अगोदरचें, आणि त्याचा अर्थच असा कीं चाखून नको म्हणतां येतें. येथें क्रम उलटा झाला : आधीं मोल, मग चव. या उलट क्रमाचा परिणाम पैशापेक्षां मनावर अधिक होतो. आमच्या शेजारच्या मेजावर एक तरुण दांपत्य होतें. लग्नाचा वाढदिवस म्हणून आलें होतें. सातव्या पदार्थानंतर बोलणें निघालें. "कसें काय वाटतें?" असें मीं विचारलें. तो गृहस्थ क्षणभर थांबून म्हणाला, "कॉन्सेप्ट छान आहे, सर." त्याची पत्नी कांहींच बोलली नाहीं. कल्पना छान आहे! फसलेल्या कादंबरीच्या लेखकाला आपणही भिडेखातर हेंच सांगतों. सात हजार रुपये आठवड्यापूर्वींच गेलेले. आतां संध्याकाळ वाईट म्हणावी तर नुसतें अन्नच वाईट ठरत नाहीं, आपला सणही वायां गेला असें ठरतें. म्हणून माणूस स्वतःच्याच निराशेचें वकीलपत्र नाकारतो. शेवटीं अभिप्रायासाठीं एक चिठ्ठी हातीं आली. तिच्यावर तीन चौकटी होत्या, आणि त्यांतली सर्वांत खालची पायरी 'चांगलें' ही होती.

उपाहारगृहाच्या बाजूनें बोलण्यासारखें बरेंच आहे, व तें बोललें पाहिजे. जागा राखून ठेवून ऐनवेळीं न येणारा पाहुणा लहान उपाहारगृहाचें कंबरडें मोडतो. भाजी आधीं आणावी लागते, माणसांचा पगार खुर्ची रिकामी राहिली म्हणून चुकत नाहीं. अमेरिकेंत शिकागो येथें २०११ सालीं उघडलेल्या 'नेक्स्ट' नांवाच्या उपाहारगृहानें मेजाचें तिकीट नाटकासारखें आगाऊ विकण्यास आरंभ केला, त्याच्या मुळाशीं हीच अडचण होती. ती खोटी नाहीं. आणि नाटकाचें तिकीट आपण आधींच काढीत नाहीं काय? मग अन्नाच्याच बाबतींत आगाऊ पैशाला दूषण कां?

नाटकाचा दाखला मला मान्य आहे. पण तो पुरता घेतला पाहिजे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटांचे दर त्या काळच्या मानानें अफाट होते, आणि पैसे अर्थातच आधीं. तरी त्या पिढीच्या प्रेक्षकाजवळ एक शब्द शिल्लक असे : 'वन्स मोअर'. संगीत रंगभूमीचा हा शब्द म्हणजे जेवणाऱ्याचा 'आणखी'च. पद रंगलें तर तें पुन्हां म्हणावयास लावावें, न रंगलें तर गप्प बसावें किंवा खोकावें. नट तें ऐके, त्याप्रमाणें वाढवी वा आटोपतें घेई, आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. तिकिटानें बसावयाची जागा विकत घेतली होती. प्रेक्षकाची जीभ विकली गेली नव्हती.

जेवणापुरतें बोलावयाचें तर याहूनही जवळचा दाखला पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या खानावळींचा आहे. तेथेंही महिन्याचे पैसे आधीं भरण्याची चाल आहे. पण न जेवलेल्या दिवसांचे खाडे धरले जातात, आणि मुख्य म्हणजे तेथें उद्यां असतो. आज आमटी पाणचट झाली तर उद्यां चार मुलें कुरकुरतात, परवां एक जण दुसरी खानावळ धरतो, आणि आठवड्यानें आमटी दाट होते. आगाऊ घेतलेला पैसा तेथें विश्वासाचा असतो, कारण तो रोज नव्यानें कमवावा लागतो. एका रात्रीच्या समारंभाला असा उद्यां नाहीं. तीस माणसें येतात, जातात. पुढच्या महिन्यांत विषय निराळा, पदार्थ निराळे, माणसेंही निराळीं. वांगें फिकें झालें हें मुदपाकखान्यापर्यंत पोंचण्याची वाटच नाहीं. माझी तक्रार आगाऊ पैशाविरुद्ध नाहीं. ज्याला उद्यां नाहीं अशा आगाऊ पैशाविरुद्ध आहे.

यांतलें नुकसान सर्वांत अधिक होतें तें आचाऱ्याचेंच. ज्याला असा रस्सा साधतो आणि जो वाल सोलण्याचा कंटाळा करीत नाहीं, तो कलावंत आहे यांत मला शंका नाहीं. पण त्या रात्रीं त्याला तीस मेजवान्यांतून एकही खरा शब्द मिळाला नसावा. रश्श्याला 'आणखी' म्हणणारी माणसें होतीं, हें त्याला कळलें नाहीं. फेसाला मनांतल्या मनांत 'पुरे' म्हणणारीं होतीं, हेंही कळलें नाहीं. उलट पैसे पूर्ण जमा झाले व चिठ्ठ्यांवर 'अविस्मरणीय' अशा खुणा झाल्या, एवढ्यावरून तो पुढच्या खेपेस फेस वाढवील आणि रस्सा कमी करील, अशी मला धास्ती वाटते. टीकेवांचून कला पोसली जाते, पण सुधारत नाहीं.

उपाय अवघड नाहींत. पैसे आधीं घ्यावेत. पण नऊ पदार्थांऐवजीं सात करून त्यांतल्या दोहोंचें पातेलें भरलेलें ठेवावें, म्हणजे मागणाऱ्याला वाढतां येईल. निरूपण पदार्थाच्या आधीं न करतां, कोणी विचारल्यास नंतर करावें. चिठ्ठीवर 'आवडलें नाहीं' अशी एक चौकट असावी, आणि ती वाचली जावी. यांपैकीं एकाही गोष्टीला ३,५०० रुपयांहून अधिक खर्च येणार नाहीं. उरलेलें काम खाणाऱ्यांचें आहे. 'कल्पना छान आहे' या वाक्यामागें दडण्याची संवय आपण सोडली पाहिजे, अन्नाच्या बाबतींत आणि पुस्तकांच्या बाबतींतही.

या मासिकाचे वर्गणीदारही वर्षाचे पैसे आरंभींच भरतात, आणि बाराही अंकांत काय वाढून ठेवलें आहे याची त्यांना कल्पना नसते. तरी त्यांचा सौदा मला न्याय्य वाटतो. नावडलेल्या लेखाविषयीं ते संपादकांस कडक पत्र लिहूं शकतात, आवडलेल्या लेखकाला पुन्हां लिहितें करूं शकतात, आणि वर्ष सरल्यावर पुढची वर्गणी न धाडण्यास ते पूर्ण मुखत्यार असतात.